कोपऱ्यातली फुली

माझ्या आत्यानं आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी घेतला आणि तो तिला मी विकला. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात माझा हात कुठे कुठे होता, ते मी अजून धड मोजलेलं नाही. मोजायला बसले की काहीतरी काम आठवतं आणि उठून जाते.

मी कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. काउंटरवर बोलायचं, विकायचं आणि मग घरी जाऊन मशीन जोडून द्यायचं. बोलण्यावरच पोट भरते म्हणा ना. आत्या मला लहानपणापासून 'टकळे' म्हणते, टकळी सारखी चालू असते म्हणून. रागही नाकावर असतो माझ्या. गिऱ्हाइकानं एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की माझा आवाज आपोआप चढतो, मग मालक आतून खाकरतात.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नवीन मशीन खोक्यातून निघतं तेव्हाच त्यात दहा-बारा प्रोग्रॅम कोंबलेले असतात. फुकट म्हणून. फुकट कसले, तीस दिवस चाखायला दिलेले. एक व्हायरसपासून राखण करणारा, एक फोटो सजवणारा, एक मशीन 'वेगवान' करणारा. पहिल्या दिवसापासून ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात डोकं वर काढतात, एवढे दिवस उरले, तेवढे दिवस उरले, आता तरी विकत घ्या. सगळं उपटून मशीन साफ करायचं तर एक तास जातो. आमच्या दुकानात तो तास कुणी घालवत नाही. मालकांचं म्हणणं असं, "राहू दे गं. महिन्याभरानं वैतागून परत येतात आणि पूर्ण वाला घेऊन जातात." पण आपल्या घरच्या माणसाचं मशीन असेल तर ते आधी साफ करायचं, हा आम्हा नोकरांचा आपसातला रिवाज. मालकांनाही तो ठाऊक आहे, ते बघून न बघितल्यासारखं करतात. दुकानातल्या पोरानं त्याच्या मेव्हण्याच्या मशीनला तो तास दिला. हिशेब बघणाऱ्या बाईंनी शेजारणीच्या मशीनला दिला. मी माझ्या सख्ख्या आत्याच्या मशीनला नाही दिला. सवलतीचा आठवडा चालू होता, त्या दिवशी मला आणखी तीन घरी जायचं होतं. म्हटलं, घरचीच तर आहे, नंतर करू.

आता आत्याबद्दल सांगते. ती छापखान्यात बाइंडिंगला होती, एकतीस वर्षं, कागदाच्या घड्या घालणाऱ्या मशीनवर. ते मशीन चालू झालं की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. तिथल्या बायका मग आवाजच काढायच्या नाहीत, नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या. घरचं, दारचं, सुनांचं, सासवांचं, सगळं ओठांवर. आत्याचे कान तिथेच गेले, पण ओठ वाचण्यात ती अशी तयार झाली की विचारू नका. लहानपणी आम्ही खोलीच्या त्या टोकाला कुजबुजलो तरी या टोकाहून ती दम द्यायची. एकदा एका समारंभात वीस खुर्च्या पलीकडे कुणी बाई तिच्या कपड्यांवरून काही बोलली, तर आत्या उठून तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "जुने आहेत, पण धुतलेले आहेत हो." त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मात्र ऐकू कमी येतं हे तिनं जन्मात कबूल केलं नाही. "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता, त्याला मी काय करू?" हे तिचं ठरलेलं उत्तर. कानाच्या मशीनचं नाव काढलं की दोन दिवस अबोला.

काका तिचा नऊ वर्षांनी धाकटा भाऊ. माझे बाबा मधले, ते आता नाहीत. काकांचं सगळं शिक्षण आत्याच्या पगारावर झालं. पुढे ते कॉलेजात शिकवायला लागले, एका दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात. आवाज असा की वर्गात बोलले तर बाहेर रस्त्यावरचा माणूस शिकून जाईल. जगात तो एकच आवाज आत्याला ओठांकडे न बघता ऐकू यायचा. ती ओट्याशी पाठ करून उभी असली आणि काका बाहेरच्या खोलीत बोलले तरी ती तिथूनच उत्तर द्यायची. आम्हाला गंमत वाटायची.

आणि त्याच आवाजानं घात केला. अकरा वर्षांपूर्वी काकांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या, ताईच्या लग्नात कुणा पाहुण्यांनी आत्याला काही विचारलं. तिचं लक्ष नव्हतं, तिनं भलतंच उत्तर दिलं, चार माणसं हसली. काकांनी सावरायला म्हणून तिकडून म्हटलं, "अहो, तिला काय विचारता, बहिरी आहे ती!" आत्याची पाठ होती त्यांच्याकडे. तरी तिनं ऐकलं, कारण आवाज काकांचा होता. ती जेवली, सगळ्यांना हसून भेटली, घरी आली, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलली नाही. काका पण हट्टी. त्यांनीही फोन केला नाही. अकरा वर्षं.

मग यंदा ताईचा मला मेसेज आला. काकांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते, एकोणीस तारखेला सकाळी. त्यानंतर आवाज नाही, कधीच नाही. ताईनं लिहिलं होतं, "बाबांना त्याआधी आत्याशी बोलायचंय. म्हणतात, फोन मीच लावणार, तिनं लावायचा नाही. तिला एक गोष्ट माझ्या तोंडानं सांगायची आहे."

मी आत्याला मेसेज दाखवला. तिनं दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. म्हणाली, "मोबाइलवर त्याचं तोंड नखाएवढं दिसेल. मोठा पडदा पाहिजे." दुसऱ्या दिवशी ती पैसे घेऊन आमच्या दुकानात हजर. कॉम्प्युटर घेतला, वर कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले, दुकानातले सगळ्यात मोठे. मी बघितलं तिच्याकडे. म्हणाली, "सिनेमे बघीन." मी पावती फाडली. तिला काय ऐकायचंय हे मला कळत नव्हतं असं नाही.

एकोणीस तारखेला अजून पंधरा दिवस होते. मी मशीन तिच्या खोलीत खिडकीशी मांडलं, बोलायचा प्रोग्रॅम चालू केला, ताईचं खातं त्यात जोडलं आणि शिकवण्यासाठी माझ्या मोबाइलवरून एक कॉल लावला. प्रोग्रॅम समोर उघडाच होता, त्यामुळे माझा चेहरा पडदाभर आला, खाली एवढं थोरलं हिरवं बटण. "हे दाबायचं, की झालं." तिनं दाबलं. माझ्याशी समोरासमोर बसून पडद्यातून बोलली, लाजली, हसली. मशीन बंद करून परत चालू केलं की प्रोग्रॅम झाकलेलाच राहतो, मग कॉल असा पडदाभर येत नाही, कोपऱ्यात एक छोटी चौकट येते, हे मला माहीत होतं. रोज गिऱ्हाइकांना सांगते. तिला सांगायचं राहिलं. मला निघायची घाई होती.

दुसऱ्या दिवसापासून वैताग सुरू झाला. दुपारी मला आत्याचा मेसेज, "हा म्हणतो मशीन धोक्यात आहे. बंद करू?" मी लिहिलं, "काही धोका नाही, जाहिरात आहे." तासानं परत, "आता म्हणतो वेग कमी झाला. मी तर काही केलं नाही." संध्याकाळी, "फोटो सजवायचे का विचारतो. नको म्हटलं तरी विचारतो. भारी चिकट आहे." तिनं त्या राखणदाराला खरोखर उत्तरं टाइप करायचा प्रयत्न केला होता, 'सध्या नको, धन्यवाद' वगैरे. दुकानात मी हे सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी मात्र ती खरंच घाबरली. मी गेले तर मशीनवर टॉवेल टाकलेला आणि ती लांब खाटेवर बसलेली. "तो दिवस मोजतोय गं," म्हणाली. इंग्रजी तिला अक्षरओळखीपुरतं येतं, पण आकडे आणि 'दिवस' एवढं तिनं लावलं होतं. "काल अठ्ठावीस म्हणाला, आज सत्तावीस उरले म्हणतो. मला काय कमी आठवण आहे का, किती दिवस उरले त्याची? मेल्याला गप्प कर."

तेव्हा तरी मी तो एक तास द्यायचा होता. टॉवेल काढून, बसून, एकेक उपटून टाकायचं होतं. पण मालकांचा फोन आला, दोन गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून. मी म्हटलं, "आत्या, हे बघ, सोपं करून देते. कोपऱ्यात काहीही आलं ना, काहीही, वाचायचंच नाही. वर बारीक फुली असते, ती दाबायची. फुली मारली की गेला. कळलं?"

"काहीही आलं तरी?"

"अगं हो, काहीही! काकांचा फोन काय कोपऱ्यात येणार आहे का? तो समोर येईल, एवढा मोठा!" माझा आवाज चढला होता. तिला आवाज कळत नाही, पण चढलेला चेहरा कळतो. मी कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोपऱ्यात काही आलं की फुली', आणि पडद्याखाली चिकटवलं.

निघता निघता तिनं आणखी एक सांगितलं. हेडफोन घालून बसलं की तो राखणदार मध्येच कानात घंटा वाजवतो, छातीत धस्स होतं. मी उभ्या उभ्या आवाज बंद करून टाकला. त्या एकट्याचा बंद करायचा तर चार ठिकाणी शोधावं लागतं. मी अख्ख्या मशीनचाच बंद केला. म्हटलं, फोन येईल तेव्हा पडद्यावर दिसेलच, मग वाढवेल की.

त्यानंतर तिचे मेसेज थांबले. मी खूश. शहाणी विद्यार्थिनी, पटकन शिकली. मध्ये कधीतरी ताईचा मेसेज येऊन गेला, 'घरचा कॅमेरा नीट चालत नाही, बहुतेक माझ्या ऑफिसच्या खात्यावरून लावू.' मी काउंटरवर होते. नुसता अंगठा टाकला आणि विसरले. त्या खात्यावर ताईचा फोटो नव्हता, तिच्या कंपनीचं नाव होतं आणि एक हिरवं पान.

मधल्या आठवड्यात मी एकदाच डोकावले. संध्याकाळचे सहा वाजले होते. आत्या इस्त्रीचे कपडे घालून, केस विंचरून, हेडफोन कानावर चढवून पडद्यासमोर ताठ बसली होती. ताईनं संध्याकाळी लावू असं कळवलं होतं, म्हणून रोज पाच ते आठ बसते म्हणाली. पाणी प्यायलाही उठत नाही, तेवढ्यात आला तर? मी दारातूनच हात केला आणि गेले. तिच्या कानात काहीच वाजणार नव्हतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. काय करू, नाही आलं.

अठरा तारखेला दुपारी ती दुकानात आली. दुकान खच्चून भरलेलं. ती माणसांच्या मागे उभी राहिली, तिच्या त्या शांत पद्धतीनं. मला वाटलं, झालं, परत काहीतरी उगवलं कोपऱ्यात. मी लांबूनच, नुसत्या ओठांनी, तिच्याच भाषेत सांगितलं, "फुली मार. बाकी रविवारी बघते." तिनं मान हलवली. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग गेली. ती मला फोन लावून दे म्हणायला आली होती. अकरा वर्षांचा हट्ट सोडून स्वतः भावाला फोन लावणार होती. हे तिनं मला नंतर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

एकोणीस तारीख गेली. ऑपरेशन ठीक झालं, असा ताईचा कोरडा एका ओळीचा मेसेज आला. मी आत्याकडे गेले. तिनं हेडफोन परत खोक्यात भरले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. "आला नाही फोन," म्हणाली. "म्हणाला होता, करीन. हट्टी तो हट्टीच. असू दे." आणि भाजी निवडायला बसली. तिची बोटं कधी थांबलेली मी पाहिली नाहीत, छापखान्यातली सवय. त्या दिवशी एकच देठ हातात धरून ती कितीतरी वेळ बसली होती.

मला काकांचा असा राग आला! केवढा माज, म्हटलं. बहिणीनं तुमच्यासाठी कान घालवले आणि तुम्हाला एक फोन जड झाला? रविवारी मी तणतणत तिच्याकडे गेले आणि एकदाचं ते मशीन साफ करायला बसले. बरोबर पन्नास मिनिटं लागली. राखणदार गेला, फोटोवाला गेला, वेगवाला गेला. शेवटी सगळं नीट चालतंय ना बघावं म्हणून बोलायचा प्रोग्रॅम उघडला. त्यात आलेल्या कॉलची यादी असते. तीन ओळी होत्या, लाल. सोळा तारीख, संध्याकाळी सहा दहा. सतरा, सहा वाजता. अठरा, सात वाजता. तिन्हीपुढे हिरवं पान. तिन्ही इथूनच बंद केलेले.

आत्या मागे खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी यादी झाकली. लाज वाटते सांगायला, पण पहिलं काम मी तेच केलं.

घरी जाऊन ताईला फोन लावला. ती तुटक बोलली. "आत्यानं तीनदा कापला गं. बाबा पहिल्यांदा म्हणाले, कामात असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, रागात असेल. तिसरा दवाखान्यातून लावला, तोही कापला. मग म्हणाले, पुरे, तिला नकोय माझा आवाज. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली." मी म्हणायला हवं होतं, ताई, तिनं नाही कापला. मी काय म्हटलं? "अगं बाई! बघते, विचारते तिला." आणि फोन ठेवला. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी.

तीन दिवस झोप लागली नाही. सांगितलं तर भावाचा आवाज आपल्याच बोटानं बंद केला हे घेऊन तिला जगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर भावानं फोनच केला नाही, हे घेऊन. दोन्ही माझ्याच कर्मानं. शेवटी चौथ्या दिवशी दुकानातून मधेच उठून गेले. आत्या ओट्याशी होती. मी तिच्या पाठीला सांगायला सुरुवात केली. मुद्दाम नव्हे, तोंड बघून बोलायचं धाडसच होईना. ती वळली, माझी हनुवटी धरून उजेडाकडे केली आणि म्हणाली, "इकडे बघून बोल."

मग मी एकेक शब्द तिच्याकडे बघून बोलले. फुली, आवाज, ऑफिसचं खातं, यादी, सगळं. ती माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. मध्येच रडू आलं तर म्हणाली, "रडू नकोस, ओठ वाकडे होतात, कळत नाही."

"किती वेळा?" तिनं विचारलं.

"तीनदा."

ती खाटेवर बसली. म्हणाली, "तिसऱ्यांदा मला वाटलं होतं बघ, याला हिरवं बटण कसं? हा रोजचा नव्हे. हात थांबलाही होता माझा. पण तू म्हणालीस ना, काहीही आलं तरी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, काकांना मी सांगते, ताईला आत्ता फोन लावते. ती म्हणाली, "तू काही बोलायचं नाहीस. त्याला काय सांगायचं ते मी सांगीन."

कॉल लागला तो तीन आठवड्यांनी. ताईच्या घरून, काका खुर्चीत उशांना टेकून बसलेले, गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर लिहायची पाटी. किती वाळले होते! आत्या पडद्याला इतकी जवळ सरकली की मीच तिची खुर्ची मागे ओढली. आवाज मी पूर्ण वाढवला होता. त्यातून ताईचा आवाज येत होता आणि त्यांच्याकडचा पंखा. हेडफोनचं खोकं कपाटावर होतं, तिनं मागितलं नाही, मी काढलं नाही.

काका लिहायचे, ताई वाचून दाखवायची. कशी आहेस. बरी आहे. तू कसा. बरा. असं थोडा वेळ चाललं. मग काकांनी पाटी बाजूला ठेवली आणि ओठ हलवायला लागले. ताई म्हणाली, "बाबा, असं नाही कळत हो कुणाला, लिहा ना." आत्यानं हात वर केला. "थांब. बोलू दे त्याला."

ते चार-पाच मिनिटं बोलले असतील. मला एक अक्षर कळलं नाही. ताईलाही नाही, ती नुसती एकदा वडिलांकडे, एकदा पडद्याकडे बघत होती. आत्याला सगळं कळत होतं. ती मान हलवत होती, मध्येच म्हणत होती, "हो, होती आठवण." "नाही रे, जेवले होते मी त्या दिवशी." "मीपण काही कमी नव्हते." एकदा तर हसली, आणि काकाही हसले, आवाज नसलेलं हसणं. मला वाटलं, देवा, निदान एवढं तरी झालं.

मग काकांनी काहीतरी छोटंसं विचारलं. भुवया वर करून, तीन-चार शब्दांत. ते मात्र मलाही कळलं, ओठ वाचता न येता. ताईनंही मान वर केली.

"मला ऐकू आला नाही रे," आत्या म्हणाली. मोठ्यानं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून. "तू लावलास, तिन्ही वेळा वाजला असेल. मीच इथे बसून होते, मला ऐकूच आला नाही. बहिरी झालेय मी. पार बहिरी."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. ताई त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

मी आत्याच्या खुर्चीमागे होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, काका, ती नाही, मी. तोंड उघडलंसुद्धा. आपलं चित्र पडद्यावर एका बाजूला छोटं दिसतं ना, त्यात तिला माझे ओठ दिसले असणार. मागे न बघताच ती म्हणाली, "टकळे, गप्प."

आणि मी गप्प बसले. आता दर रविवारी त्यांचा कॉल होतो. काका आधी विचारतात, कान दाखवलेस का डॉक्टरांना, आणि ती म्हणते, दाखवीन रे. कॉल लावून द्यायला मीच जाते. काका माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडतात, तू तिचं इतकं करतेस म्हणून.